हाताला टोचणारी कोंबडी : दोष कोणाचा?

परसदारी चार कोंबड्या पाळणे हा आपल्या खेड्यापाड्यांतील गृहिणींचा जुना जोडधंदा आहे. अंड्यांचे पैसे बहुधा तिच्याच हाती राहतात आणि घरातील मीठमिरची, मुलांच्या वह्या यांची सोय त्यांतून होते. अशा घरी एखादी कोंबडी दाणे टाकणाऱ्या हाताला चोच मारू लागली, तर ती तक्रार वरवर पाहता क्षुल्लक वाटते; परंतु तिचे परिणाम क्षुल्लक नसतात. मुले भिऊन खुराड्याकडे जाईनाशी होतात. अंडी वेळेवर उचलली जात नाहीत. रागाच्या भरात कोणी कोंबडीला काठीचा तडाखा देतो. आणि आषाढी अमावास्येपूर्वी गिऱ्हाईक दारी आले की, हीच कोंबडी पडेल त्या भावाने प्रथम विकली जाते. ती नुकतीच अंड्यावर आलेली चांगली तलंग आहे, याचा विचार त्या वेळी कोणी करीत नाही.

अशा वेळी सल्ला विचारला असता तो बहुधा दोन प्रकारचा मिळतो : ‘विकून टाका’ किंवा ‘चोच छाटा’. आमच्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. टोचणारी कोंबडी सहसा खोडसाळ नसते. तिला टोचावयास शिकविणारा हात पुष्कळ वेळा आपलाच असतो. म्हणून उपायही प्रथम हातावर करावयास हवा.

कोंबडीला हात नाहीत. जे काम आपण बोटांनी करतो ते सर्व ती चोचीने करते. चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या बारीक ज्ञानतंतूंची दाटी असते. एखादी वस्तू खाण्याजोगी आहे की नाही, हे कोंबडी टोचूनच ठरविते. कोंबड्यांचा आपसांतील व्यवहारही चोचीनेच चालतो. कळपात कोणी कोणास टोचावयाचे आणि कोणी निमूटपणे बाजूस व्हावयाचे, याचा एक क्रम ठरलेला असतो, असे नॉर्वेमधील थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे या अभ्यासकाने १९२१-२२ च्या सुमारास दाखवून दिले. तेव्हा चोच मारणे हा कोंबडीचा गुन्हा नव्हे. ती तिची भाषा होय. ती काय सांगते आहे, एवढेच आपण ओळखावयाचे.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे चिमटीतून दाणा भरविण्याची सवय. पिल्लू लहान असताना मुले कौतुकाने बोटांच्या टोकाशी कणी धरतात. पिल्लू मोठे होते. परंतु बोट म्हणजे दाणा, ही समजूत कायम राहते. मग रिकामे बोट दिसले तरी ती टोचणारच. दुसरे कारण चकाकणाऱ्या वस्तूंचे. कोंबडीची रंगदृष्टी माणसाहूनही चांगली असते. अंगठीचा खडा, काचेची बांगडी, रंगविलेले नख, हातावरील तीळ किंवा जखमेची खपली यांकडे तिचे लक्ष चटकन जाते आणि ती टोचून पाहते. तिसरे कारण भीती. घार वरून झडप घालते, हे कोंबडीच्या रक्तातच आहे. आपला हातही वरून झपाट्याने आला, तर कोपऱ्यात अडकलेली कोंबडी चोच उगारते.

चौथे कारण भूक. खळ्यावर आणि उकिरड्यावर दिवसभर चरणारी कोंबडी किडे, गवत व सांडलेले धान्य खाऊन तृप्त असते. पावसाची झड लागून ती चार दिवस खुराड्यात कोंडली गेली, आणि तिला नुसत्या कण्या व कोंडा मिळाला, तर प्रथिनांची उणीव पडते व ती दिसेल त्यावर तुटून पडते. पाचवे कारण खुडूकपणाचे. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून रवणीला बसते. पिल्ले निघण्यास लागणारे २१ दिवस ती आपल्या अंड्यांचे रक्षण करते. त्या काळात तिने हाताला टोचले, तर ते आईपणाचे लक्षण समजावे.

कारण ओळखल्यावर उपाय कठीण नाहीत. दाणा हाताने भरवू नये. पसरट भांड्यात किंवा झाडलेल्या जागेवर टाकावा. हातावर चारावयाचेच असेल, तर बोटे जुळवून तळहात सपाट धरावा. खुराड्यात हात घालण्यापूर्वी अंगठी काढावी आणि बांगड्या पदराने किंवा बाहीने झाकाव्यात. कोंबडीच्या समोर बसून, तिला दिसेल असा, बाजूने व खालून हळूहळू हात न्यावा. तिने टोचले तरी हात झटकन मागे घेऊ नये. हात मागे गेला की, टोचल्याने हात पळतो, हा धडा ती शिकते. मारूही नये, कारण मग हात म्हणजे संकट, हा दुसरा धडा ती शिकते. हात क्षणभर तेथेच स्थिर ठेवावा आणि नंतर सावकाश काढावा. घरातील सर्वांनी ही एकच रीत नेटाने पाळली, तर सवय मोडू लागते. एकाने पाळली आणि दुसऱ्याने मोडली, तर मात्र कष्ट वाया जातात.

खुडूक कोंबडीखालील अंडी काढावयाची असतील, तर अंधार पडल्यावर काढावीत. रात्री ती शांत असते. पिल्ले काढावयाची नसतील, तर अंडी रोजच्या रोज उचलावीत. झडीच्या दिवसांत भरड्यात पेंड मिसळावी. मिळाल्यास सुकटीचा चुरा किंवा वाळवीही द्यावी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि खुराड्यात पालेभाजीची जुडी टांगावी, म्हणजे चोचीस काम मिळते.

शेतकऱ्यास कोंबडीचे लाड करीत बसण्यास वेळ कोठून, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु येथे लाडाचा प्रश्नच नाही. तोच दाणा चिमटीऐवजी भांड्यात टाकावयास अधिक वेळ लागत नाही. वेळ जातो तो बिथरलेली कोंबडी पकडण्यात.

चोच छाटण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. परसातील कोंबडी स्वतः दाणे वेचून पोट भरते. तिची चोच छाटणे म्हणजे मजुराची बोटे कापणे होय. छाटलेल्या चोचीतील तुटलेल्या ज्ञानतंतूंच्या गाठी होतात आणि त्यांतून वेदनेच्या संवेदना उठत राहू शकतात, असे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. हाताची चूक चोच छाटून सुधारत नाही.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. धावून येऊन मुलांच्या अंगावर उडणारा कोंबडा घरात ठेवू नये. त्याच्या पायाचे काटे व चोच डोळ्यास इजा करू शकतात. स्वभाव काही अंशी वंशपरंपरेनेही उतरतो. म्हणून अशा कोंबड्याची पैदास वाढवू नये. तसेच टोचल्याने रक्त आले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्यांना उघड्या हातांनी शिवू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लूने जी हानी केली, तिचा विसर पडता कामा नये.

गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या बंधुभगिनींना एकच विनंती आहे. टोचणाऱ्या कोंबडीची तक्रार आली, तर ‘विका’ असे सांगण्यापूर्वी त्या घरी जाऊन घडीभर बसावे. दाणा कोण टाकतो, कसा टाकतो, खुराड्यात अंधार व दाटी किती आहे, हे डोळ्यांनी पाहावे. घरच्या बाईला आणि मुलाला हात कसा न्यावा हे बोलून नव्हे, तर करून दाखवावे. एक कोंबडी वाचली, तर त्या माउलीची मीठमिरचीची सोय वाचते. आणि मूल न भिता अंडे उचलू लागले, तर उद्याचा एक चांगला पशुपालक तयार होतो.