माल तयार, वाट बंद

महाड औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा कारखाना किती चांगला चालतो, हे रिअ‍ॅक्टरपाशी कळत नाही. ते डिस्पॅचच्या टेबलावर कळतं. पावसाळ्यात तिथे तासभर बसावं. ड्रम चढलेले असतात, बिल्टी तयार असते, ड्रायव्हरच्या हाती ट्रेमकार्डही (धोकादायक मालाला अपघात झाल्यास काय करायचं, ते सांगणारं) दिलेलं असतं, आणि पुढे रस्ता बंद असल्याचा फोन येतो. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. गाडी अडकली, तर मुदत संपण्याच्या आगेमागे आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते. तिकडे न्हावाशेवा बंदराची कट-ऑफ वेळ टळली की कंटेनर पुढच्या जहाजावर.

वाटा आहेतच किती? मुंबई-गोवा महामार्ग, भोरकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट. जुलै 2021 मध्ये महाड पुरात बुडालं, त्याच पावसात घाटही दरडींनी अडले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा, सावित्री नदीवरचा याच महामार्गाचा ब्रिटिशकालीन पूल प्रवाशांसह वाहून गेला, तेव्हा नवा पूल 5 जून 2017 ला खुला झाला. मनावर घेतलं की कामं होतात. मग 2011 पासून चाललेलं महामार्गाचं चौपदरीकरण का रखडावं?

सल्लागार म्हणतात, साठा वाढवा. कपड्याच्या दुकानाला ते ठीक. इथे ज्वलनशील सॉल्व्हंट परवान्यातल्या मर्यादेपलीकडे ठेवता येत नाही, ठेवूही नये. 3 नोव्हेंबर 2023 ला याच वसाहतीतल्या स्फोटात 11 कामगार गेले. शिवाय लहान कारखानदाराचं भांडवल आधीच उधारीत अडकलेलं असतं. गोदाम भरायला तो पैसा आणणार कुठून? त्यामुळे पुरवठ्याची साखळी सुधारायची तर ती कुंपणाबाहेर सुधारावी लागेल.

गणपतीत अवजड वाहनांना महामार्गावर बंदी असते. चाकरमानी आधी घरी पोहोचावेत, हे योग्यच आहे. पण त्या बंदीचा आदेश आणि घाट बंद ठेवण्याच्या तारखा महिनाभर आधी हातात पडल्या, तर कच्चा माल वेळेत मागवता येईल, जहाजाचं बुकिंगही आधीच्या तारखेला घेता येईल. यासाठी एक पैसाही खर्च नाही. दुसरं म्हणजे रेल्वे. रोहा ते वीर दुहेरीकरण 2021 मध्ये पूर्ण झालं आहे, आणि वीर स्टेशन महाडच्या उशाशी आहे. तिथून न्हावाशेवासाठी नियमित कंटेनर गाडी सुटावी, ही मागणी कारखानदारांच्या संघटनेने आता एकमुखाने कोकण रेल्वेकडे लावून धरावी.