घाई झालीच होती!

‘अति घाई संकटात नेई’ ही आपल्या घाटरस्त्यांवरची पाटी ब्रिटनच्या स्वॉनविक केंद्राच्या समर्थकांना ठाऊक असती, तर त्यांनी ती केंद्राच्या दारावरच ठोकली असती. हॅम्पशर परगण्यातले हे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र १९९६ मध्ये सुरू व्हायचे होते. झाले २७ जानेवारी २००२ रोजी. खर्च ६२ कोटी ३० लाख पौंडांवर गेला. इमारत केव्हाच उभी होती. घोडे पेंड खात होते ते सुमारे वीस लाख ओळींच्या संगणकप्रणालीत.

समर्थक म्हणतात, हा खेळ प्रवाशांच्या जिवाशी आहे. विमाने भरकटण्यापेक्षा तारखा भरकटलेल्या बऱ्या. यातले अर्धे मला मान्य आहे. कच्ची प्रणाली चालू करायला नकार देणाऱ्यांचे कौतुकच करायला हवे. पण उशीर चाचणीने केला नाही. तो आधीच होऊन बसला होता, चाचणीने फक्त दाखवून दिला. ज्या अमेरिकी प्रकल्पाच्या पायावर ही प्रणाली रचली, तोच तिकडे खर्च आणि विलंबाच्या ओझ्याखाली वाकला आणि १९९४ मध्ये त्याची काटछाट करावी लागली. दुसऱ्याच्या कच्च्या विटांवर आपला मजला चढवणे, याला सावधपणा कोण म्हणेल?

शिवाय या उशिराने सुरक्षा तरी पदरात पडली का? केंद्र सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच पडद्यावरची अक्षरे नीट वाचता येत नसल्याच्या नियंत्रकांच्या तक्रारी बाहेर आल्या. सहा वर्षे थांबून अक्षरेच वाचता येऊ नयेत! पुढे १२ डिसेंबर २०१४ रोजी यंत्रणा कोलमडली. प्रणालीत एकाच गोष्टीची मर्यादा एका ठिकाणी १९३ धरली होती, दुसऱ्या ठिकाणी १५१. ही चूक नव्वदच्या दशकापासून आत दडून बसली होती. मदतीला ठेवलेला जोडसंगणकही बंद पडला, कारण त्यातही तीच प्रणाली, तीच चूक.

‘सरकारी कारभार असाच,’ म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. प्रणाली कोणी सरकारी कारकुनांनी लिहिली नव्हती. काम दिले आयबीएमला. तो विभाग विकला गेला लोरालला, तिथून गेला लॉकहीड मार्टिनकडे. मालक तिन्ही खासगी.

मग करायला काय हवे होते? उडी एवढी मोठी घ्यायलाच नको होती. याचा पुरावा स्वॉनविकनेच दिला आहे. केंद्र सुरू झाल्यावरही उड्डाणांची माहिती हाताळणारा जुना संगणक वेस्ट ड्रेटनच्या जुन्या केंद्रातच चालू राहिला. लंडनच्या विमानतळांभोवतीचे नियंत्रण तर २००७ मध्ये स्वॉनविकला आले. म्हणजे नवे जुन्याच्या खांद्यावर हात ठेवून चालू शकत होते, टप्प्याटप्प्याने येऊ शकत होते. मग तीच वाट पहिल्यापासून का धरली नाही? एक छोटा टप्पा हाती घ्यावा, पहिल्या दिवसापासून नियंत्रकाला पडद्यासमोर बसवावे, त्याला वाचता आले तरच पुढे जावे आणि उद्घाटनाची तारीख चाचणीनंतर सांगावी.

घाई झालीच होती. ती झाली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, करारावर सही करताना. पाटी लावायचीच, तर ती त्या टेबलावर लावा.