हात चपळ, नजर निधान

बुऱ्हाणपूरला बहिणीकडे गेले होते. कुंडी भंडारा पाहून आलो आणि भाचा ऑटोकॅडवर त्याचा नकाशा काढायला बसला. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारातून नुसत्या उतारानं शहरात आणलं. वर विहिरींसारख्या गोल कुंड्यांची रांग.

मेन्यू शोधत तो एकेक वर्तुळ काढत होता. मी त्याचा डावा हात कीबोर्डवर ठेवला. सी आणि एंटर म्हणजे वर्तुळ, एल म्हणजे रेघ, सीओ म्हणजे नक्कल. तीच आज्ञा पुन्हा हवी तर नुसता स्पेसबार. एफ ८ दाबलं की रेघ उभी-आडवी सरळच जाते. "रोज दोनच शीक, बोटांना आपोआप पाठ होतील."

घटकाभरात कुंड्या उमटल्या. पण पठ्ठ्यानं उभ्या छेदात सगळ्यांची खोलीही नकलून टाकली! "अरे, जमीन चढ-उताराची. प्रत्येक कुंडीची खोली मोजूनच भरायची." अशाच एका नकलेपायी मी पूर्वी अख्ख्या इमारतीच्या खिडक्या चुकवल्या होत्या.

'निधान' म्हणजे मराठीत ठेवा, कन्नडमध्ये सावकाश. शॉर्टकटनं वाचलेला वेळ या दुसऱ्या निधानासाठी ठेवावा.