लाल चिठ्ठी आणि घरची माणसे

दर महिन्याच्या ९ तारखेस देशभरातील सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान या नावाने २०१६ साली सुरू झालेली ही व्यवस्था आपल्या बालाघाट जिल्ह्यातही आहे. धोका नसेल तर कार्डावर हिरवी चिठ्ठी लावतात. अंगात रक्त फार कमी असणे, रक्तदाब वाढणे, सिकलसेल, जुळी मुले असे काही आढळले तर लाल.

लाल चिठ्ठी ही डॉक्टर व परिचारिका यांनी अधिक काळजी घ्यावी म्हणून दिलेली खूण होय. परंतु ती घेऊन घरी येणाऱ्या स्त्रीला ती शिक्षेसारखी वाटते. मूल वाचेल ना, आपण वाचू ना, हे प्रश्न ती कोणास विचारीत नाही. तिची झोप उडते, अन्न गोड लागत नाही. अशा वेळी कोणी गावातल्या जुन्या दुर्घटना सांगत बसते, तर कोणी तिलाच दोष देते.

वाचकहो, हा दोष अन्यायाचा आहे. सिकलसेलचेच पाहा. मुलाला हा आजार होतो तो आई व बाप या दोघांकडून दोष आला तरच. मग एकट्या सुनेस बोल का लावावा?

म्हणून आम्ही सुचवितो की, घरच्यांनी प्रथम तिचे ऐकून घ्यावे. "काही होत नाही" असे म्हणून तिचे तोंड बंद करू नये. रोवणीचे दिवस असले तरी तिला विश्रांती द्यावी. तपासणीस नवऱ्याने बरोबर जावे व डॉक्टरांचे सांगणे स्वतः ऐकावे. बैहरकडील जंगलातल्या गावांना जिल्ह्याचे इस्पितळ दूर पडते. तेव्हा बाळंतपण कोठे, गाडी कोणाची, मागे मुलांना कोण पाहील, हे आधीच ठरवावे. असे ठरले म्हणजे तिच्या मनावरचा बराच भार उतरतो. प्रसूतीच्या वेळी जवळ एक सोबतीण असू द्यावी, असे केंद्र सरकारनेही २०१६ साली सांगितले आहे. त्याविषयी इस्पितळात अवश्य विचारावे.

उदासी दोन आठवडे टिकली, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तिच्या तोंडून निघाले, तर लाज न बाळगता डॉक्टरांना अथवा आशाताईंना सांगावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही झाल्यास मात्र तत्काळ इस्पितळ गाठावे.

उतारवयात गर्भवती झालेल्या एलिझाबेथकडे पवित्र मरिया सुमारे तीन महिने जाऊन राहिली, हे आपण जाणतोच. येत्या ९ तारखेस आपल्या घरची वा शेजारची कोणी तपासणीस निघाली, तर तिला एकटी जाऊ देऊ नये, एवढीच आमची विनंती.