गोठ्यातली बातमी दडते, तिथे साथ वाढते

बंगळूरुच्या येलहंका भागात देशभरातील पशुरोगांचा अभ्यास करणारी ‘निवेदी’ ही केंद्रीय संस्था आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या रोगाची भीती आहे, याचा इशारा ती राज्यांना आगाऊ देते. मात्र हे अंदाज जुन्या नोंदींवर उभे असतात आणि नोंदीची सुरुवात गोठ्यात होते. पशुपालकाने आजार लपवला, तर तिथेच साखळी तुटते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे बुळकांड्या रोगाची आठवण होते. ब्रिटिश सरकारच्या आयोगाने 1871 मध्ये या रोगावर अहवाल दिला. 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि पुढे ती मुक्तेश्वरला गेली. स्वातंत्र्यानंतर, 1954 पासून, देशव्यापी लसीकरण सुरू झाले. तरीही रोगाचे अखेरचे रुग्ण आढळले ते 1995 मध्ये. लस होती, पण रोग कुठे दबा धरून आहे हे ठाऊक नव्हते. अखेरच्या टप्प्यात लसीकरण थांबवून गावोगावी शोध घेण्यात आला, तेव्हाच खात्री पटली. 2011 मध्ये जग या रोगातून मुक्त झाले.

आजचे शत्रू अधिक चिवट आहेत. बुळकांड्यातून वाचलेले जनावर पुन्हा त्या रोगाला बळी पडत नसे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे अनेक प्रकार आहेत, लसीचा प्रभाव काही महिनेच टिकतो आणि तोंडात फोड दिसण्यापूर्वीच जनावर संसर्ग पसरवू लागते. लंपी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत आणि जनावरांच्या वाहतुकीतून पसरतो. 2019 मध्ये ओडिशात आढळलेला हा रोग ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात पोहोचला. त्या वर्षी देशात दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली, ही झाली सरकारी नोंद.

2009 च्या केंद्रीय कायद्याने संसर्गजन्य रोगाची माहिती देणे पशुपालकाला बंधनकारक केले आहे. पण दोन गाईंच्या दुधावर घर चालवणाऱ्या बाईने ती द्यावी कशासाठी? माहिती दिली, की दूध नाकारले जाण्याची भीती आणि बाजारात भाव पडण्याची धास्ती. लंपीच्या साथीत महाराष्ट्राने दगावलेल्या दुभत्या गाईमागे 30 हजार रुपये दिले, हे योग्यच झाले. मात्र ती भरपाई मृत्यूची होती, वेळेवर कळवण्याची नव्हती. लाळ्या-खुरकुतात मोठे जनावर सहसा मरत नाही. दूध आटते आणि मालक कर्जात बुडतो. त्याच्या वाट्याला भरपाई येत नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. पहिल्या लक्षणाला खबर देणाऱ्या पशुपालकाला विलगीकरणाच्या दिवसांतील दुधाचे ठरावीक पैसे दूध संघामार्फत मिळावेत. खोट्या दाव्यांची शंका रास्त आहे. पण कानातील बारा आकडी बिल्ला आणि पशुवैद्यकाची तपासणी या दोन गोष्टींनी तिला बराच आळा बसेल. खर्चाचा आक्षेपही येईल. तो घेणाऱ्यांनी एकदा 2022 मधील नुकसानीचा हिशेब मांडावा.

प्रशासनातील अनुभव मला एवढेच सांगतो, की धाकाने कागद भरतात, खबर येत नाही. खबर देणारा नुकसानीत जाणार नाही, एवढी हमी शासनाने दिली, तर येलहंक्यातील इशाऱ्यांनाही गोठ्यातून खरा आधार मिळेल.