तपासणी दोन तासांची, विलंब दोन महिन्यांचा



आमच्या एका शाखेतील ट्रॅकमनची हकीकत नुकतीच आमच्यासमोर आली. खोकला सुरू झाला, तेव्हा त्याने महिनाभर दुकानातले औषध घेतले. मग छातीचा फोटो निघाला, थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली आणि क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने त्याने एकही गोळी चुकवली नाही, तरी वजन उतरतच गेले. तिसऱ्या महिन्यात थुंकी नव्या मशीनवर गेली आणि त्याच दिवशी कळले की, त्याचे जंतू रिफॅम्पिसिनला दादच देत नाहीत. तोवर घरातील मुलगीही खोकू लागली होती.

"याने औषध नीट घेतले नसेल," असे अशा वेळी सहज म्हटले जाते. आमचा या बोलण्याला सक्त विरोध आहे. औषध अर्धवट सोडल्याने जंतू निबर होतात हे खरे. पण असे निबर झालेले जंतू दुसऱ्याच्या खोकल्यातून थेटही येतात. कोंदट रनिंग रूममध्ये किंवा आर.एम.एस.च्या छाटणीच्या खोलीत शेजारी बसणाऱ्या माणसाचा यात काय दोष?

सूक्ष्मदर्शक जंतू दाखवतो, पण कोणते औषध लागू पडेल हे सांगू शकत नाही. जंतू वाढवून पाहण्याच्या कल्चर तपासणीला कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये जीनएक्स्पर्ट या मशीनला मान्यता दिली. क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन लागू पडेल का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ते सुमारे दोन तासांत देते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट बॅटरीवर चालते, त्यामुळे ते लहान दवाखान्यातही ठेवता येते. त्यालाही २०२० मध्ये अशीच मान्यता मिळाली.

उपचारही सुधारले आहेत. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षे औषधे आणि कित्येक महिने रोजची इंजेक्शने सोसावी लागत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन या गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. पात्र रुग्णाला तो सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतो.

मग घोडे अडते कुठे? मशीन आहे, पण थुंकी तिच्यापर्यंत उशिरा पोचते. अहवाल येतो, तोवर रुग्ण गावी गेलेला असतो. पुढच्या तपासण्यांसाठी त्याला जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागतात आणि प्रत्येक हेलपाट्याला एक रजा जाते. २०२४ मध्ये तर अनेक राज्यांत साध्या क्षयाच्या औषधांचाही तुटवडा पडला. या प्रत्येक दिवशी रुग्ण लागू न पडणारे औषध खात असतो, त्याचे फुप्फुस झिजते आणि जंतू सोबत्यांत पसरत राहतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत क्षयमुक्तीची घोषणा झाली होती. ते साल उलटले, क्षय मात्र गेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येक कामगाराची थुंकी पहिल्याच भेटीत मशीनवर तपासली जावी. रेल्वे रुग्णालयात मशीन नसेल, तर नमुना त्याच दिवशी पाठविण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी. अहवाल कधी आला आणि योग्य औषध कधी सुरू झाले, या दोन्ही तारखांची नोंद ठेवावी. उपचाराच्या काळात पगारी रजा मिळावी, आजाराची वाच्यता होऊ नये आणि बरा झालेल्या माणसाला सन्मानाने कामावर घ्यावे. ग्रामीण डाक सेवक केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेबाहेर आहेत, त्यांना त्यात आणावे. गाड्या धुणारा कंत्राटी कामगार राज्य विमा योजनेत असेल आणि अटी पूर्ण करीत असेल, तर त्याला क्षयासाठी दीर्घ आजाराचा लाभ मिळतो. ठेकेदार हे सांगणार नाही, ते आपण सांगायचे आहे.

शाखा सचिवांनी हा विषय पुढच्या पी.एन.एम.च्या यादीत घालावा आणि टपाल बंधूंनी आपल्या मासिक बैठकीत मांडावा. सोबती खोकत असेल, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : "साहेब, थुंकी मशीनवर तपासली का, आणि रिफॅम्पिसिन लागू आहे का?" नोंदणी झालेल्या रुग्णाला उपचार संपेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात, तेही मागून घ्या. ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाली आहे.

रूळ तडकलेला दिसला, तर आपला ट्रॅकमन लाल झेंडी दाखवून तत्क्षणी गाडी थांबवतो. तीच तत्परता त्याच्या छातीसाठी दाखवा, एवढेच आमचे प्रशासनाला सांगणे आहे. सांगून भागले नाही, तर संघटनेचा मार्ग आपल्याला ठाऊक आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!