हिंसा मावळ्यात नाही, ब्रशात आहे



दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपल्यात एक विषय निघतोच. मुलं दगड, पुठ्ठे, गोणपाट गोळा करायला लागतात आणि कुणीतरी काकू म्हणतात, "महावीर निर्वाणाच्या दिवशी दारात तलवारी-भाले कशाला?" त्यात मोठ्या मुलांचं नवं वेड आलंय. टेबलावर फासे टाकून बोटभर उंचीच्या सैनिकांच्या लढाया खेळायच्या आणि त्यासाठी छोटे खडक, पडक्या भिंती, विहिरी, पिंपं रंगवत बसायचं. त्यावर तर थेट 'हिंसक खेळ' असा शिक्का. (फाशांना मीही नाक मुरडते, सप्तव्यसनांत पहिला जुगारच. पण इथे पैसे लागत नाहीत.) रंगकामाला हिंसा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

यशोधर राजाची कथा लगेच पुढे केली जाते. पिठाचा कोंबडा कापला तरी जन्मोजन्मी भोगावं लागलं. कथा बरोबर आहे, पण आपण ती अर्धीच सांगतो. राजानं तो कोंबडा बळी देण्याच्या भावनेनं कापला, दोष त्या भावनेचा. किल्ला करणाऱ्या पोराच्या मनात काय असतं? तळ्यात पाणी का टिकत नाही, बुरूज सारखा का ढासळतो, पायवाट कुठून काढायची. मावळा चार दिवस पहारा देतो आणि परत खोक्यात जातो. टेबलावरच्या खेळात सैनिक पडतात, मान्य. पण ते खडक आणि भिंती तिथे कशाला ठेवतात ठाऊक आहे? आडोशाला. त्यामागे उभा असलेला सैनिक वाचण्याची शक्यता जास्त. म्हणजे खडक रंगवणारं पोर मारायचं नाही, लपायचं साधन रंगवतंय.

आणि शस्त्र दिसलं की धर्म बुडाला, हे कुणी शिकवलं? गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य, विरोधी हिंसेचा विचार आचार्यांनी वेगळा केलाय. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभी करवणारा चावुंडराय गंगांचा सेनापती होता. महामस्तकाभिषेकाला आपण गाड्या भरून जातो तेव्हा त्याची तलवार कुणाला खुपत नाही.

आता खरी खुपायला हवी ती गोष्ट. मुलाच्या दप्तरातला ब्रश काढा आणि केस बघा. मुळाशी आणि टोकाला गडद, मधे फिकट पट्टा, असे ताठ तपकिरी केस असतील तर ते मुंगसाचे असू शकतात. मुंगूस मारून हे केस काढतात. एकाचे कामाचे केस मोजकेच निघतात, म्हणून किलोभरासाठी डझनावारी मुंगसं मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावानं ठिकठिकाणी छापे घातले ते याचसाठी. 'कॅमल हेअर' ब्रशात उंट नसतो, बहुतेक वेळा खारीचे केस असतात. आणि छोटे सैनिक रंगवणारे ज्या 'कोलिन्स्की सेबल'चं कौतुक करतात, तो सायबेरियातल्या विझल नावाच्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचा. वर्ख कशात कुटतात हे कळल्यावर मिठाईवरचा वर्ख आपण बंद केलाच ना? रात्री आठला बिस्कीट नाकारणाऱ्या घरात मुंगसाचा ब्रश चालतो आणि प्लास्टिकचा मावळा चालत नाही, हा कुठला विवेक?

ओळखायची सोपी खूण सांगते. एक केस ज्योतीला लावा. नायलॉन वितळून गोळी होते. खरा केस जळून राख होतो आणि केस जळल्याचा वास येतो, तो आपल्याला चांगला माहीत आहे.

गंमत म्हणजे खडक रंगवायला केसांचा ब्रश लागतच नाही, उलट त्यात तो खराब होतो. बदलापूरहून चंदेरीचा सुळका दिसतो, मुलांना तोच दाखवा. आपला कातळ पावसात काळा आणि उन्हात राखाडी दिसतो. म्हणून आधी सगळा काळा रंग द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मग स्पंजच्या तुकड्यानं गडद राखाडी टिपायचा, भेगा काळ्याच राहू द्यायच्या. शेवटी जुन्या टूथब्रशला फिकट राखाडी लावून तो जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता कडांवरून फिरवायचा. कडा उजळतात आणि पुठ्ठा दगडासारखा दिसायला लागतो. पायथ्याशी चिमूटभर गेरू लावायचा. ओला ब्रश फिरवलात तर मात्र सगळी माती, आणि मुलं नेमकी तिथेच घाई करतात.

तयार प्लास्टरचे किल्ले आणून सुटका करून घेणाऱ्यांना एवढंच विचारते, दिवाळीनंतर तो कुठे टाकता? पाण्यात प्लास्टर विरघळत नाही आणि आपल्या वालधुनीत आधीच काय कमी ओतलं गेलंय?

राहिले आळीव आणि मोहरी. हिरवळीसाठी धान्य उगवायचं आणि आठवड्यात वाळू द्यायचं, इथे मात्र काकूंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. लाकडाचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून, खळीवर भुरभुरायचा. टेबलवाली मुलं गवत असंच करतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात भुशाला तोटा नाही, जाताना पिशवी मात्र घरची न्या.